चित्रफितीसाठी छायाचित्रांची पूर्वतयारी

शाळेच्या वर्धापनदिनी, स्नेहसंमेलनात किंवा परिसर अभ्यासाच्या तासास स्थिर छायाचित्रांची माळ गुंफून केलेली लहानशी चित्रफीत दाखविण्याचा प्रघात आता खेड्यांतील शाळांतूनही रूढ झाला आहे. त्यासाठी महागड्या यंत्रसामग्रीची गरज उरलेली नाही. एक बऱ्यापैकी मोबाईल व चित्रफीत जोडण्याचे एखादे साधे ॲप एवढ्यावर काम भागते. तथापि अशा अनेक चित्रफितींत चेहरे रुंदावलेले दिसतात, कोणाचे डोके कापले जाते, तर कोठे अक्षरे पडद्याबाहेर जातात. हे दोष बहुधा चित्रे जोडताना निर्माण होत नाहीत. जोडण्यापूर्वी चित्रांची जी तयारी व्हावयास हवी ती झालेली नसते, हेच त्यांचे मूळ होय. ह्या तयारीची सूत्रे अल्प आहेत आणि ती एकदा समजली म्हणजे कोणत्याही ॲपमध्ये उपयोगी पडतात.

चलचित्र ही मुळात स्थिर चित्रांचीच ओळ असते. दादासाहेब फाळके हे छायाचित्रणाचे जाणकार होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फीत तयार केली. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची एकेक चौकट ठराविक अंतराने टिपून त्यांनी रोपाची वाढ पडद्यावर दाखविली. असल्या कामात चौकट मध्येच सरकली अथवा तिचे माप बदलले, तर सारा परिणाम नाहीसा होतो. शाळेच्या चित्रफितीसही हाच नियम लागू आहे. चित्रे निरनिराळी असली, तरी चौकट एकच असावी लागते.

चौकट व तिचे प्रमाण

संगणकावरील चित्र हे रंगाच्या अतिसूक्ष्म टिंबांचे बनलेले असते. ह्या टिंबास पिक्सेल म्हणतात. आजच्या दूरदर्शन संचाच्या पडद्याची रुंदी व उंची १६ : ९ ह्या प्रमाणात असते. चित्रफितीचे प्रचलित माप १९२० × १०८० टिंबांचे आहे. जुन्या यंत्रासाठी १२८० × ७२० हे मापही चालते, कारण त्याचेही प्रमाण तेच आहे. मोबाईलवरील छायाचित्र मात्र बहुधा ४ : ३ प्रमाणाचे निघते. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यातील चित्र ३ : २ प्रमाणाचे असे. म्हणजे चित्र व पडदा यांची मापे सहसा जुळत नाहीत. ती जुळविण्याचे तीन मार्ग आहेत : ताणणे, छाटणे आणि सामावून घेणे.

पैकी ताणणे हा मार्ग सर्वथा वर्ज्य समजावा. ४ : ३ प्रमाणाचे चित्र ओढून १६ : ९ केले, तर त्याची रुंदी एक तृतीयांशाने वाढते, उंची मात्र तेवढीच राहते. वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि माणसाचा चेहरा फुगल्यासारखा दिसतो. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील एखाद्या वस्तूचे चित्र असे ताणले, तर विद्यार्थ्याच्या मनात त्या वस्तूचा आकारच चुकीचा ठसेल. माप बदलताना रुंदी व उंची यांचे प्रमाण कायम ठेवण्याची सोय प्रत्येक ॲपमध्ये असते. ती चालू आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

छाटावे की सामावून घ्यावे?

छाटणे म्हणजे चौकटीत न बसणारा भाग कापून टाकणे. ४००० × ३००० टिंबांचे चित्र १६ : ९ करावयाचे, तर ४००० × २२५० एवढाच भाग उरतो. उंचीपैकी ७५० ओळी, म्हणजे एक चतुर्थांश चित्र, जाते. त्या चतुर्थांशात केवळ आकाश किंवा मोकळे मैदान असेल, तर काहीच बिघडत नाही. उलट विषय अधिक ठळक होतो.

सामावून घेणे म्हणजे संपूर्ण चित्र चौकटीत बसेल इतके लहान करणे व उरलेली जागा मोकळी ठेवणे. वरील चित्र असे बसविले असता ते १४४० × १०८० टिंबांचे होते आणि दोन्ही बाजूंस २४० टिंबांचे पट्टे राहतात. उभे चित्र तर केवळ ८१० टिंबे रुंद होऊन दोहो बाजूंस प्रत्येकी ५५५ टिंबांची जागा रिकामी पडते. ही जागा काळी अथवा एखाद्या सौम्य रंगाची ठेवावी. तीत त्याच चित्राची अंधुक प्रतिमा पसरण्याची सोयही अनेक ॲपमध्ये असते. मात्र नक्षी, फुले व चमचमणारे तारे यांनी ती भरू नये.

कोठे कोणता मार्ग योग्य, हे नळदुर्गच्या किल्ल्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेला तेथील बंधारा व त्यातील पाणीमहाल हे आडवे दृश्य होय. वरचे आकाश छाटले तरी त्यास बाध येत नाही. त्याच किल्ल्यातील उपळी बुरुजाचे वैशिष्ट्य त्याच्या उंचीत आहे. त्याचे उभे चित्र पडद्याची पूर्ण रुंदी व्यापील असे छाटले, तर निम्म्याहून अधिक भाग नाहीसा होतो आणि उरते ती केवळ दगडी भिंत. अशा चित्रास सामावून घेणेच इष्ट. नवीन छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर मोबाईल आडवा धरावा व विषयाभोवती थोडी मोकळी जागा सोडावी, म्हणजे पुढील छाटणी सुकर होते.

पुष्कळ ॲप चित्र घालताच ते स्वतः छाटतात व मधला भाग तेवढा ठेवतात. यंत्रास चित्रातील माणसे ओळखीची नसतात. मध्यभागी जे आहे तेच महत्त्वाचे, असे ते धरून चालते. चार ओळींच्या समूहचित्रात सर्वांत मागे बाकावर उभ्या असलेल्या मुलांची डोकी व सर्वांत पुढे बसलेली लहान मुले अशा छाटणीत प्रथम जातात. चित्रफीत पाहावयास आलेला पालक आपल्या मुलाचा चेहरा शोधीत असतो. यास्तव समूहचित्र कधीही छाटू नये, हा नियम पाळावा.

मूळ प्रत अबाधित ठेवावी

कोणताही बदल मूळ चित्रावर करू नये. प्रथम ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर करून त्यात सर्व चित्रे ठेवावीत. दुसऱ्या फोल्डरमध्ये त्यांच्या प्रती घेऊन त्यांवरच काम करावे. जेपीईजी प्रकारचे चित्र बदल करून पुन्हा जतन केले, की दर खेपेस त्यातील काही बारकावा कमी होतो. पाच-सात वेळा असे केलेले चित्र मळकट दिसू लागते.

चित्रे गोळा करतानाही हीच दक्षता हवी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र वाटेतच लहान केले जाते. म्हणून पालकांस किंवा माजी विद्यार्थ्यांस चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे, म्हणजे ते मूळ मापात मिळते. मूळ चित्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर व आणखी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

लहान करणे व मोठे करणे

मोठे चित्र लहान करताना यंत्र शेजारच्या अनेक टिंबांची सरासरी काढून एक टिंब बनविते. ४००० टिंबांची रुंदी १९२० वर आणली, म्हणजे रुंदीतील सुमारे दोन टिंबांचे एक होते. ह्यात दिसण्याजोगे नुकसान होत नाही. लहान चित्र मोठे करताना मात्र नसलेली टिंबे यंत्रास अंदाजाने भरावी लागतात. ६०० टिंबे रुंदीचे चित्र १९२० केले, तरी त्यात नवा बारकावा येत नाही, कडा तेवढ्या पुसट होतात. अलीकडील काही ॲप अस्पष्ट चेहरा रेखीव करून देतात. परंतु त्यांतील डोळे-नाक बरेचसे यंत्राने कल्पिलेले असतात. जुन्या व्यक्तींच्या चित्रांवर असा प्रयोग करू नये. लहान चित्र लहानच ठेवून चौकटीच्या मध्यभागी दाखवावे. ते प्रामाणिक दिसते.

जुन्या कागदी छायाचित्रांची नक्कल

कपाटातील जुनी छायाचित्रे स्कॅनरवर घ्यावयाची झाल्यास इंचास किती टिंबे ठेवावीत, याचा हिशेब सोपा आहे. ६ × ४ इंचांचे चित्र इंचास ३०० टिंबे ठेवून घेतले, तर १८०० × १२०० होते. पडद्याच्या पूर्ण रुंदीस ते थोडे अपुरे पडते. ६०० ठेवल्यास ३६०० × २४०० होते व पुरून उरते. पासपोर्ट आकाराच्या चित्रास १२०० ठेवावीत.

स्कॅनर नसल्यास मोबाईलने नक्कल करता येते. चित्र खिडकीजवळ, परंतु थेट ऊन न पडेल अशा जागी सपाट ठेवावे. फ्लॅश बंद करावा. मोबाईल चित्राशी समांतर धरावा, अन्यथा चौकोनाची एक बाजू आखूड दिसते. काचेच्या चौकटीतील चित्र शक्य असल्यास बाहेर काढावे. काचेस चिकटलेले असल्यास मात्र ओढू नये, काचेसह नक्कल घ्यावी. चित्राच्या मागील बाजूस नाव, गाव किंवा साल लिहिलेले असल्यास तिचीही नक्कल घ्यावी.

ह्या कामाचे महत्त्व धाराशिव जिल्ह्यात विशेष आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली आणि कित्येक गावे जमीनदोस्त झाली. सास्तूर व त्याच्या आसपासचा परिसर त्यांपैकीच होय. पुढे अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. आज त्या गावांच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांनी जुने गाव पाहिलेले नाही. जुना वाडा, गल्ली, शाळेची इमारत, बाकावर ओळीने बसलेला वर्ग, ह्यांचे एखादे छायाचित्र कोणाच्या घरी उरले असेल, तर तेवढाच त्यांच्यासाठी जुन्या गावाचा पुरावा. अशा चित्रात पार्श्वभूमी म्हणून काही नसतेच. कोपऱ्यातील दाराची चौकट, मागची विहीर, कडेस उभी असलेली अनोळखी स्त्री, हे सारेच कोणाच्या तरी आठवणीतील असते. म्हणून असे चित्र संपूर्ण दाखवावे. त्यावरील डाग व भेगाही तशाच राहू द्याव्यात. १९९३ साली चाळिशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. चित्रातील कोण कोण आहे, हे त्यांना दाखवून आताच विचारून घेणे अगत्याचे आहे.

स्थिर चित्रात गती

चित्रावरून दृष्टी हळूहळू फिरविणे अथवा एखाद्या भागाजवळ नेणे, ही सोय बहुतेक ॲपमध्ये आहे. समूहचित्रास ती फार उपकारक ठरते. एका ओळीत १५ मुले असलेले ३ : २ प्रमाणाचे चित्र पूर्ण दाखविले, तर ते पडद्यावर १६२० टिंबे रुंद होते व प्रत्येक मुलाच्या वाट्यास जेमतेम १०८ टिंबे येतात. प्रथम संपूर्ण चित्र दाखवून, मग ते दुपटीने जवळ आणून डावीकडून उजवीकडे सावकाश नेले, तर प्रत्येक चेहरा ओळखू येतो. त्यासाठी चित्र आधी लहान करून ठेवू नये. चौकट भरणारे चित्र दीडपट जवळ आणावयाचे, तर ते निदान २८८० × १६२० टिंबांचे हवे, आणि दुपटीसाठी ३८४० × २१६०. प्रत्येक चित्रास गती देणे मात्र टाळावे, प्रेक्षकांचे डोळे शिणतात.

अक्षरे, क्रम व वेळ

काही पडद्यांवर चित्राच्या कडा किंचित कापल्या जातात. म्हणून १९२० × १०८० च्या चौकटीत आडव्या बाजूंस सुमारे ९६ व वर-खाली ५४ टिंबे जागा सोडून त्याच्या आतच अक्षरे लिहावीत. देवनागरीत वरची वेलांटी व खालचा उकार यांसही जागा लागते, म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर असावे. मजकूर युनिकोड टंकात लिहावा, अन्यथा दुसऱ्या यंत्रावर त्याची निरर्थक चिन्हे होतात.

चित्रांस ००१, ००२, ००३ अशी नावे दिल्यास क्रम बिघडत नाही. एखादे चित्र आडवे पडलेले दिसल्यास ते आधी फिरवून जतन करावे. एका चित्रास साधारणतः पाच सेकंद द्यावेत. ह्या हिशेबाने तीन मिनिटांच्या फितीस ३६ चित्रे पुरतात. समूहचित्रास मात्र पंधरा-वीस सेकंद द्यावेत. शंभर चित्रे कोंबण्यापेक्षा तीस निवडणे हेच खरे संपादन होय.

मुलांची छायाचित्रे शाळेबाहेर प्रसारित करावयाची असल्यास पालकांची संमती घ्यावी. कोणाची गरिबी, आजार किंवा अवघड क्षण दाखविणारे चित्र संमती असली तरी वगळावे.

फीत पूर्ण झाल्यावर ती एकदा मोठ्या पडद्यावर, वर्गाच्या शेवटच्या बाकावरून पाहावी. चेहरे सरळ आहेत काय, अक्षरे वाचता येतात काय, आणि चौकटीबाहेर कोणी राहिले काय, एवढे तीन प्रश्न त्या वेळी तपासावेत. पहिल्या दोहोंचे उत्तर होकारार्थी व तिसऱ्याचे नकारार्थी आले, म्हणजे पूर्वतयारी नीट झाली असे समजावे.