घराच्या गच्चीवरील अँटेना : उभारणी आणि निगा



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना चालकांनी मला एकच अट घातली : जे स्वतःच्या हाताने केले आहे, त्याविषयीच बोलावे. ही अट माझ्या सोयीची ठरली. गेली अनेक वर्षे मी बडोद्यातील आमच्या घराच्या गच्चीवर तारा बांधीत आणि सोडीत आलो आहे. घरची मंडळी याला नाद म्हणतात. सरकारी परिभाषेत याचे नाव हौशी रेडिओ सेवा असे आहे. ठरवून दिलेल्या तरंगपट्ट्यांवर, पैशाचा कोणताही व्यवहार न करता, परवानाधारक नागरिकांनी परस्परांशी साधलेला संपर्क, असे तिचे स्वरूप. परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते. परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे येथे बसलेल्या मुलांनी आधीच ध्यानात घ्यावे.

नव्या हौशी माणसाचा बहुतेक पैसा यंत्रावर खर्च होतो, आणि अँटेनेच्या वाट्याला उरतो तो एखादा रविवार. वस्तुतः प्रमाण उलट असावयास हवे. यंत्र तयार विकत मिळते व खोलीत सुखरूप राहते. अँटेना मात्र त्या त्या जागेवरच घडवावी लागते, आणि बारा महिने ऊन, पाऊस, वारा व वानरे यांच्या स्वाधीन असते.

घरासाठी सर्वांत साधी, आणि माझ्या मते सर्वांत शहाणी, अँटेना म्हणजे अर्धतरंग द्विध्रुव, अर्थात डायपोल. मध्ये तोडलेली एक सरळ तार, तोडलेल्या जागी यंत्राकडून आलेली केबल, आणि दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, बस्स. १४३ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस दहा मीटर भरते. एवढी सरळ जागा शहरात कोणाकडे असते? म्हणून मधोमध एकच खांब उभा करून दोन्ही तारा उतरत्या छपराप्रमाणे खाली आणतात. हिला ‘उलटा व्ही’ म्हणतात. दोन तारांमधील कोन काटकोनाहून लहान नसावा, एवढे पथ्य पाळले तर ती उत्तम काम देते.

हिशेबाने आलेली लांबी अखेरची मानू नये. गच्चीचा स्लॅब, त्यातील लोखंड, तारेवरचे प्लॅस्टिकचे आवरण या सर्वांचा परिणाम होतो. प्रत्येक बाजूस वीतभर तार जास्त ठेवावी, अँटेना पूर्ण उंचीवर चढवावी आणि मगच मोजावे. मापकावरचा सर्वांत कमी आकडा हव्या त्या वारंवारतेच्या खाली मिळाला तर तार लांब आहे. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर कमी केले की तो बिंदू सुमारे ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. कापण्याऐवजी टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट गुंडाळावे. कापलेली तार पुन्हा जोडता येते, पण तिचा जोड पावसात टिकत नाही. केंद्रबिंदूपाशी केबलचेच वीतभर व्यासाचे आठ-दहा वेढे घालून ते बांधून टाकावेत. त्यासाठी सहा मीटर केबल जाते. पण केबलच्या बाहेरच्या जाळीवरून परत खोलीत येऊ पाहणारा प्रवाह त्यामुळे अडतो.

आता उंचीविषयी. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर आहे, आणि दूरच्या देशांसाठी अँटेना तिच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे २१ मीटरवर असावी असे सांगतात. आपण घरी फार तर दहा मीटर गाठतो. अशा बुटक्या अँटेनेची बरीचशी शक्ती थेट वर जाते आणि दिवसा आयनावरणावरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिसरात सर्वत्र उतरते. कित्येकांना हा दोष वाटतो. मला तो गुण वाटतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, भुजचा दूरध्वनी संपर्क तुटला आणि हौशी रेडिओवाल्यांनी तेथे जाऊन केंद्रे मांडली. बडोद्याहून भुज सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. हातातल्या लहान संचाच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत, आणि दूरदेशीसाठी उभारलेली उंच अँटेना एवढ्या जवळचे अंतर पुष्कळदा ओलांडूनच जाते. गच्चीवरची बुटकी तार या कामास नेमकी योग्य. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओच्याच मोहिमेवर होत्या. २६ तारखेच्या त्सुनामीनंतर त्यांच्या केंद्रावरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली गेली. असा दिवस आधी सांगून येत नाही. त्या दिवशी अँटेना जिवंत असली पाहिजे, आणि ती जिवंत आहे असे आपल्याला नुसते वाटत असता कामा नये.

माझ्या विषयाचे मर्म येथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. यंत्राने पाठवलेली शक्ती अँटेनेने पूर्णपणे स्वीकारली नाही तर काही भाग केबलमधून परत येतो. हे परतणे ‘एस.डब्ल्यू.आर.’ या गुणोत्तराने मोजतात. १:१ म्हणजे काहीच परत आले नाही. २:१ असता सुमारे ११ टक्के शक्ती परतते, ३:१ असता २५ टक्के. यंत्राशेजारी बसवलेला मापक कमी आकडा दाखवू लागला की माणूस निश्चिंत होतो. परंतु पाठवलेले पार्सल परत आले नाही, म्हणजे ते पोचलेच असे नव्हे. ते वाटेतही गहाळ झालेले असू शकते. केबलमध्ये पाणी शिरले की नेमके हेच होते. जाणारी शक्ती वाटेत उष्णतेत विरते, उरलेल्यातली जी परत फिरते तीही पुन्हा विरते, आणि मापकापर्यंत फारच थोडी पोचते. म्हणजे केबल जितकी खराब, तितका आकडा गोंडस! पावसाळ्यापूर्वी १.८ दाखवणारा मापक दसऱ्याच्या सुमारास १.२ दाखवू लागला, तर पेढे वाटू नयेत, शिडी काढावी.

याची परीक्षा सोपी आहे. केबल अँटेनेपासून सोडवावी, ते टोक मोकळेच ठेवावे आणि खालून अँटेना अ‍ॅनलायझरने मोजावे. पूर्ण शक्तीचे यंत्र मात्र अशा मोकळ्या केबलला लावू नये. चांगल्या केबलवर गुणोत्तर फार मोठे यावयास हवे, कारण टोकाशी सर्व शक्ती परत फिरते. ते ३:१च आले, तर केबल एका फेरीत निम्मी शक्ती खाते आहे असे समजावे व ती बदलावी. नवी केबलही काही फुकट नेत नाही. आर.जी.-५८ जातीच्या तीस मीटर केबलमध्ये सात मेगाहर्ट्झवर पाचवा ते चौथा हिस्सा नष्ट होतो, आणि १४५ मेगाहर्ट्झवर जवळजवळ तीन चतुर्थांश. त्या वरच्या पट्ट्यासाठी जाड केबल घ्यावी, किंवा निदान लांबी कमी करावी.

पाणी शिरते ते बहुधा जोडातून. नेहमीचा पी.एल.-२५९ कनेक्टर मुळात जलरोधक नाहीच. त्यावर प्रथम आपोआप चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि वर साधी विजेची पट्टी घालावी. उभ्या केबलवर पट्टी खालून वर गुंडाळीत जावी, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जाते. शिर्क्यासारखा वास येणारे सिलिकॉन तांब्याला खाते, ते येथे वापरू नये. केबल खिडकीतून आत येण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, पाणी तेथूनच टपकते. एकदा जाळी हिरवी पडली की नुसते टोक कापून भागत नाही. पाणी जाळीतून केशाकर्षणाने बरेच आत गेलेले असते.

खांबाच्या माथ्यावर कप्पी बसवावी, ही माझी आग्रहाची सूचना. दोरीने अँटेना पाच मिनिटांत खाली आली की माणूस तिची तपासणी करतो. त्यासाठी खांबावर चढावे लागणार असेल, तर तो पुढच्या वर्षावर ढकलतो. दोरी उन्हात कुजते. दरवर्षी मे महिन्यात ती पिळून पाहावी व तंतू सुटत असल्यास बदलावी. नरम तांब्याची तार स्वतःच्या वजनाने हळूहळू लांबते आणि तिची वारंवारता खाली येते, तेही त्याच वेळी ध्यानात येते.

जिवाच्या गोष्टीत मात्र चालढकल नको. आपल्या गल्ल्यांतून विजेच्या तारा गच्चीच्या उंचीवरूनच जातात. खांब कोणत्याही दिशेस कोसळला तरी तो किंवा त्याची तार तेथपर्यंत पोचता कामा नये; निदान खांबाच्या उंचीच्या दीडपट अंतर हवे. ते मिळत नसेल तर त्या गच्चीवर खांब उभारूच नये. आवरण असलेल्या विद्युततारेवरही भरवसा ठेवू नये. खांब एकट्याने उभा करू नये, आणि वाऱ्यात तर नाहीच. प्रक्षेपण चालू असता तारेच्या टोकांशी मोठा दाब असतो, स्पर्श झाल्यास भाजते. म्हणून टोके गच्चीपासून तीन मीटर तरी वर असावीत. गच्ची काही एकट्या अँटेनेची नाही. तेथे कुरडयांचे वाळवण असते, मुले असतात. गृहसंस्थेत राहणाऱ्यांनी परवानगी लेखीच घ्यावी.

विजेचा कडकडाट ऐकू आला की प्रक्षेपण थांबवावे. खरे तर आभाळ भरून आले तेव्हाच केबल यंत्रापासून सोडवून खिडकीबाहेर भूसंपर्काला जोडलेली असावी. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये. खांबाचा भूसंपर्क आणि घराच्या विजेचा भूसंपर्क जाड तांब्याच्या पट्टीने एकमेकांस जोडावेत. ते वेगळे ठेवले तर वीज पडताच दोहोंतील दाबाचा फरक यंत्रातूनच वाट काढतो. येवढे करूनही अंगावर पडणाऱ्या विजेपासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. नुकसान कमी होते, इतकेच.

मे महिन्यातील तपासणी आणि दसऱ्यानंतरची तपासणी यांखेरीज बडोदेकरांना तिसरा एक मुहूर्त पाळावा लागतो, तो उत्तरायणाचा. काचेचा मांजा दोरी कापतो, आणि तारेत अडकलेला पतंग ओढण्यासाठी मुले कठड्यावर चढतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो छपरांवर आढळतोच. मी १३ जानेवारीला अँटेना उतरवतो आणि वासी उत्तरायण उलटल्यावर, तारांत गुंतलेला मांजा पक्ष्यांसाठी काढून टाकून, पुन्हा चढवतो. गंमत अशी की १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपारचा संदेश ऐकल्याचे मार्कोनीने जाहीर केले, तेव्हा त्याची अँटेना पतंगानेच उचलून धरली होती. आमच्याकडे पतंग आणि अँटेना यांचे तेवढे सख्य उरलेले नाही.

एक नवी अडचण गेल्या काही वर्षांत वाढली आहे. पूर्वी शेजारी तक्रार करीत की आमच्या बोलण्याने त्यांच्या दूरदर्शनवर रेघा येतात. आता आमचीच तक्रार असते. एल.ई.डी. दिवे, चार्जर, छपरावरील सौर इन्व्हर्टर यांची खरखर सात मेगाहर्ट्झवर क्षीण आवाज बुडवून टाकते. यंत्र बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर थांबली तर दोषी आपल्याच घरात आहे, आणि दहांपैकी पाच वेळा तरी तो तेथेच सापडतो, असा माझा अनुभव आहे. मगच शेजाऱ्यांकडे जावे, आणि जाताना लहान संच बरोबर न्यावा. त्यांनी स्वतःच्या कानांनी खरखर ऐकली की दिवा बदलण्यास ते सहसा नकार देत नाहीत.

ज्यांना हे सर्व प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर अवश्य यावे. उत्तरायणाचे चार दिवस तेवढे वगळावेत. तेव्हा तेथे नुसती कप्पी असते.