दहा वर्षांना तीन दिवस कमी

कुरकुंभच्या चौकात उभं राहिलं की चार रस्ते चार दिशांना सुटतात. पश्चिमेला पुणे, पूर्वेला सोलापूर, उत्तरेला दौंड, दक्षिणेला बारामती. दिवसभर टँकर जात-येत असतात, वारा फिरला की एमआयडीसीतल्या रसायनांचा वास थेट चहाच्या कपापर्यंत येतो, आणि या सगळ्या धबडग्यापासून थोडी बाजूला फिरंगाई देवी आपल्या जागी बसलेली असते. चौकातल्या गप्पांत दोन विषय हमखास निघतात: कंपनीत लागणं आणि जमीन. जमिनीचं बोलणं निघालं की सातबारा येतो, सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ येतो, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.’

ही म्हण मला नेहमी अर्धवट वाटते. कोर्टाची पायरी न चढण्याचा सल्ला त्यांना परवडतो, ज्यांच्यासाठी दुसऱ्या पायऱ्या मोकळ्या आहेत: पाटलाच्या वाड्याची, देवळाची, पाणवठ्याची. ज्यांना यातली एकही नव्हती, त्यांनी काय करायचं? शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका तेहतीस वर्षांच्या वकिलाने या प्रश्नाला उत्तर म्हणून एक संस्था काढली. तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा.

9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये एक बैठक झाली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी एक मध्यवर्ती संस्था असावी, एवढाच विषय. 20 जुलैला सभेची रीतसर स्थापना झाली. ती 1860 च्या एकविसाव्या कायद्याखाली, म्हणजे ज्या कायद्याखाली आजही गावोगावची मंडळं नोंदवली जातात त्याच संस्था नोंदणी कायद्याखाली, नोंदवली गेली. मला ही बारीकशी गोष्ट फार बोलकी वाटते. चळवळ उभी करायची तर आधी घोषणा सुचते. इथे आधी घटना, उद्देश, पदाधिकारी आणि कार्यक्षेत्र ठरलं. काम वकिलाचं होतं, हे पहिल्याच पानावर दिसतं.

पदाधिकाऱ्यांची यादी तर वाचण्यासारखी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, नामांकित वकील. उपाध्यक्षांत मेयर निसीम, रुस्तमजी जिनवाला, गो. के. नरिमन, डॉ. रँग्लर र. पु. परांजपे, डॉ. वि. पां. चव्हाण आणि सॉलिसिटर बा. गं. खेर. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव. वर मोठी नावं, खाली राबणारे हात. अशी रचना पाहून आजही कुणी नाक मुरडेल की ही उच्चभ्रूंची छत्री कशाला? पण त्या काळच्या मुंबईत सरकारी कचेरीचं दार उघडायचं तर अर्जावर कुणाची सही आहे हे आधी पाहिलं जाई. आंबेडकरांनी सही उसनी घेतली, लेखणी स्वतःकडे ठेवली. शिवतरकर पेशाने शिक्षक आणि जातीने चांभार. महारेतर माणसाला चिटणीसपद का, अशी कुरकुर आतूनच झाली. आंबेडकरांनी ती मनावर घेतली नाही.

या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षाची स्वतःची परिस्थिती काय होती? 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर, 1923 च्या एप्रिलमध्ये मुंबईत परत. वकिलीची सनद काढायलाही हातात पैसा नव्हता; पारशी मित्र नवल भथेना यांनी पाचशे रुपये दिले. सनद मिळाली तरी अशील मिळेना. हायकोर्टात बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून येतं, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ते कोण देणार? मग बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचा, मिळतील ते मोफसल खटले चालवायचे आणि परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायचं. चळवळीचं कार्यालय दामोदर हॉलमध्ये. कुठल्याही मोठ्या देणगीचा आधार नाही, पगारी कर्मचाऱ्यांचा ताफा नाही. आज ‘मानवी हक्कांसाठी काम करणारी संस्था’ म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, त्याच्याशी याचा काही संबंध नव्हता. पण काम तेच होतं.

आणि या संस्थेचं पहिलं ठळक काम कोर्टात झालं नाही. ते आमच्या पुणे-सोलापूर रस्त्याच्या एका टोकाला झालं. 4 जानेवारी 1925 रोजी सभेने सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह उघडलं. मुंबईहून सोलापूरला जाणारी गाडी दौंडवरूनच जाते, कुरकुंभहून आठ-दहा किलोमीटरवरून. मुलांचा कपडालत्ता, वह्या-पुस्तकं आणि जेवणाखाण्याचा खर्च सभा करायची. सोलापूर नगरपालिकेने महिन्याला चाळीस रुपये अनुदान द्यायचं कबूल केलं, तेही पाठपुरावा केल्यावर. तिथल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक काढलं. मुंबईत सभेने एक मोफत वाचनालय चालवलं आणि चक्क एक महार हॉकी क्लबही. जुगार आणि दारूपासून तरुणांना दूर ठेवायचं तर संध्याकाळी त्यांच्या हातात काहीतरी हवं, हा त्यामागचा साधा विचार. हक्कांची भाषा बोलणाऱ्या संस्थेला हॉकीच्या काठ्यांचा हिशेबही ठेवावा लागतो. मला तर सभेच्या सगळ्या कागदांत हीच नोंद सर्वांत जिवंत वाटते.

सोलापूरचं हे एक टोक. दुसरं टोक पुण्याचं. 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून लेखक दिनकरराव जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे, प्रस्तावना लिहिणारे वकील केशवराव बागडे आणि मुद्रक यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि खालच्या कोर्टात शिक्षा झाली. टिळक आणि चिपळूणकरांवर त्या पुस्तिकेत जहाल भाषेत टीका होती. अपिलात त्यांच्या वतीने पुण्याच्या सेशन्स कोर्टात उभे राहिले डॉ. आंबेडकर. समोर ल. ब. भोपटकर. आरोपी सुटले. खटला सभेचा नव्हता, पण सभेच्या माणसाचा होता. परळच्या चाळीतला बॅरिस्टर शनिवार-सदाशिवच्या शहरात येऊन जिंकून गेला, याची चर्चा त्या वेळी पुण्यात किती झाली असेल याची कल्पना करता येते.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 1 जानेवारी 1927 रोजी ते शिरूर तालुक्यातल्या कोरेगावला, भीमेच्या काठी, 1818 च्या लढाईच्या विजयस्तंभापाशी आले. हीच भीमा पुढे वाहत दौंडच्या कडेने जाते; दौंड-बारामतीच्या या पट्ट्याचं जुनं नावच भीमथडी. इंग्रजांच्या सैन्यात लढलेल्या महार आजोबा-पणजोबांच्या नातवांना त्याच सैन्याची दारं बंद झाली होती. स्तंभावर कोरलेली नावं हा एक पुरावा होता, आणि वकिलाला पुराव्याची किंमत कळते. पुढच्याच महिन्यात ते सरकारनियुक्त सदस्य म्हणून मुंबई कायदेमंडळात दाखल झाले.

आता महाड. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने सप्टेंबरात तसा हुकूम काढला. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क पुरा झाला. पण तळ्याच्या काठावर कुणी गेलं नाही, कारण ठरावाने पाणी खुलं होत असलं तरी जीव वाचतोच असं नाही. 19 आणि 20 मार्च 1927 ला तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि 20 मार्चला आंबेडकर आणि त्यांच्या पाठोपाठ हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे: देवळात घुसणार असल्याची अफवा, लाठ्या, डोकी फुटणं, आणि दुसऱ्या दिवशी शेण, गोमूत्र, दूध आणि दह्याच्या एकशे आठ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करणं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात सत्याग्रहाची हाक दिली गेली. 12 डिसेंबर 1927 रोजी पांडुरंग रघुनाथ धारप, नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी महाडच्या कोर्टात दावा दाखल केला. त्यांचं म्हणणं: चवदार तळं सार्वजनिक नाही, अस्पृश्यांना तिथे जायचा हक्क नाही, तशी पूर्वापार रूढी आहे. प्रतिवादींत आंबेडकर आणि शिवतरकर. दोन दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला.

25 डिसेंबरला परिषद भरली. जागा देणारे फत्तेखान मुसलमान होते, कारण हिंदूंपैकी कुणी जागा देईना. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, आणि महाड म्हटलं की लोकांना तीच आठवते. माझं लक्ष मात्र त्यानंतरच्या दोन दिवसांकडे जातं. हजारो माणसं सत्याग्रहासाठी नावं नोंदवून बसली होती. मनाईहुकूम मोडणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. आंबेडकरांनी लोकांची समजूत घातली: सरकार आपल्या विरोधात नाही, कोर्टाने अजून अंतिम निकाल दिलेला नाही, हुकूम मोडला तर समोरच्यांच्या हातात हत्यार जातं. सत्याग्रह पुढे ढकलला. माणसं तळ्याभोवती मिरवणुकीने फिरून परत आली. पाण्याला हात लावला नाही.

त्या क्षणी मंडपात किती निराशा पसरली असेल! चळवळीतले नेते बहुधा गर्दीच्या मागे धावतात. इथे नेता वकील होता, आणि वकिलाला कळत होतं की हे तळं एका दिवशी जिंकून चालणार नाही. ते सातबाऱ्यावर जिंकावं लागेल, कायमचं. यावर मतभेद असू शकतो. तेव्हाही होता, आणि मला स्वतःलाही तो निर्णय नेहमी पटतोच असं नाही. पण सभेचा स्वभाव ओळखायचा असेल तर तो त्या मिरवणुकीत दिसतो.

फेब्रुवारी 1928 मध्ये मनाईहुकूम उठला, दावा मात्र चालू राहिला. मधल्या काळात सभा गप्प नव्हती. 19 मार्च 1928 ला आंबेडकरांनी कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. 1874 च्या वतन कायद्याखाली महारांना गावकी आणि सरकारी कामासाठी रात्रंदिवस राबावं लागे. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि दारोदारचं बलुतं. त्यातून सुटका व्हावी, हे विधेयकाचं म्हणणं. ते चिकित्सा समितीत इतकं बदललं गेलं की 1929 मध्ये त्यांनीच ते मागे घेतलं. ती वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 उजाडलं. वतनाची जमीन धारकांना परत मिळाली, पण शर्तीवर: परवानगीशिवाय विकायची नाही. कुरकुंभच्या चौकातल्या गप्पांत ‘नवीन शर्त’ आणि ‘नजराणा’ हे शब्द येतात ते तिथूनच. जमिनीचे भाव वाढले तसे हे दोन शब्द महाग झाले.

29 मे 1928 रोजी सभेने सायमन कमिशनला निवेदन दिलं, आणि ऑक्टोबरात पुण्यात आंबेडकरांनी कमिशनपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी जूनमध्ये शिक्षणासाठी वेगळी संस्था उभी राहिली, वसतिगृहांचं काम तिच्याकडे गेलं. सभेचं दप्तर बंद झालं; तिच्या वाट्याला चारेक वर्षं आली. गंमत म्हणजे तिच्या उपाध्यक्षांपैकी एक, खेर, 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले आणि आंबेडकर त्याच सभागृहात विरोधी बाकावर बसले.

दावा मात्र चालत राहिला. महाडच्या कोर्टाने 8 जून 1931 रोजी तो फेटाळला. वादींनी ठाण्याला अपील केलं. 1933 मध्ये तेही फेटाळलं गेलं. मग हायकोर्ट. न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यापुढे मुख्य प्रश्न होता तो रूढीचा. पूर्वापार म्हणजे किती पूर्वापार? रूढीला कायद्याचं बळ मिळायला ती स्मरणाच्या पलीकडची असावी लागते, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर असते. वादींना ते सिद्ध करता आलं नाही. तळं सार्वजनिक, नगरपालिकेचं.

हा निकाल लागला 17 मार्च 1937 रोजी. पहिल्यांदा ओंजळ भरली होती 20 मार्च 1927 ला. दहा वर्षांना तीन दिवस कमी. निकालाच्या महिनाभर आधी प्रतिवादी क्रमांक एक मुंबई विधिमंडळावर निवडून आले होते. येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर करूनही दीड वर्ष होत आलं होतं. दामोदर हॉलमध्ये ज्या सभेची घटना लिहिली गेली, तिचं दप्तर बंद होऊन तोवर नऊ वर्षं उलटत आली होती, आणि दाव्यातल्या प्रतिवादींच्या यादीत शिवतरकर मास्तरांचं नाव मात्र शेवटपर्यंत तसंच होतं.