लोकप्रतिनिधीचं मत (लेखांक ६) : पक्षाचा आदेश आणि मनाचा कौल

पसंतीक्रमाची मतं कशी मोजतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. या मोजणीचा सर्वांत गाजलेला निकाल १९६९ चा. पक्षाने सांगितलं तिथे मत द्यायचं की मनाला पटेल तिथे, या वादाने तेव्हा काँग्रेस दुभंगली.

राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं त्या वर्षी मे महिन्यात निधन झालं. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचं नाव बहुमताने ठरवलं. पंतप्रधान इंदिरा गांधींचा त्याला विरोध होता. पण त्यांच्याच मंत्रिमंडळातले यशवंतराव चव्हाण रेड्डींच्या बाजूने उभे राहिले. इंदिराजींनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सहीही केली. पुढे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मतं मिळवायला जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेतली. त्यावर बोट ठेवत इंदिराजींच्या गटाने मतस्वातंत्र्य मागितलं आणि आमदार-खासदारांना सद्सद्विवेकबुद्धीचा कौल घ्यायला सांगितलं. सगळ्यांना इशारा कळला : अपक्ष व्ही. व्ही. गिरी.

जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता चिंतामणराव देशमुखांना. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. कोटा होता ४,१८,१६९, म्हणजे विजयी कोणीच नाही. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे वळली, तरी शेवटी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. नोव्हेंबरमध्ये इंदिराजींना पक्षातून काढण्यात आलं आणि काँग्रेसचे दोन तुकडे झाले. चव्हाण मात्र इंदिराजींबरोबर राहिले.

ही गोष्ट तत्त्वाच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. पण त्या मतांपैकी किती विवेकाची, किती गटाची आणि किती पुढच्या तिकिटाची, हे कोण सांगणार? राष्ट्रपतिपदाचं मतदान गुप्त असतं. खासदाराला हिरवी आणि आमदाराला गुलाबी मतपत्रिका मिळते. घडी करून ती पेटीत टाकली की विषय संपला. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. मन मोकळं आहे, पण त्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही.

आमदाराच्या मताच्या आणखी दोन तऱ्हा आहेत. राज्यसभेसाठी २००३ पासून मतदान खुलं झालं. मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. दुसऱ्या कुणाला दाखवली तर मत बाद. घोडेबाजार रोखायला हा उपाय आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो वैध ठरवला. विधान परिषदेच्या निवडणुकीत मात्र आमदारांचं मतदान अजून गुप्तच आहे.

महाराष्ट्राने या दोन्ही तऱ्हा जून २०२२ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने पाहिल्या. १० जूनला राज्यसभेच्या वेळी मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरच आक्षेप आले, प्रकरण दिल्लीला निवडणूक आयोगाकडे गेलं, शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद झालं आणि निकाल लागायला पहाट उजाडली. २० जूनला विधान परिषदेसाठी त्याच आमदारांनी गुप्त मतदान केलं. काँग्रेसचे दोन उमेदवार होते. भाई जगताप निवडून आले, चंद्रकांत हंडोरे पडले. पक्षाची मतं फुटल्याचं दिसत होतं, पण कोणाची, हे मतपत्रिका सांगत नव्हती. त्या रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार सुरतेला निघाले आणि फुटलेल्या मतांचा विषय मागेच पडला.

तिसरी तऱ्हा सभागृहातल्या मताची, आणि खरी गाठ इथेच आहे. १९६७ मध्ये हरियाणात आमदार गयालाल यांनी काही दिवसांत अनेकदा पक्ष बदलले आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द देशभर पोचला. पक्षांतराचा अभ्यास करणाऱ्या समितीचे अध्यक्ष गृहमंत्री म्हणून यशवंतरावच होते. कायदा व्हायला मात्र १९८५ उजाडलं. ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं : व्हिपविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व धोक्यात. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. पण सरकारचं अस्तित्व किंवा पक्षाने मतदारांपुढे मांडलेला मुख्य कार्यक्रम पणाला लागला असेल, तिथेच असा आदेश असावा, असंही म्हटलं. व्यवहारात पक्ष साध्यासुध्या विधेयकालाही व्हिप काढतात.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या मुद्द्यावर सरकारविरुद्ध मत देणाऱ्या २१ सत्ताधारी खासदारांना बोरिस जॉन्सन यांनी संसदीय पक्षाबाहेर काढलं. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. पक्ष गेला, खासदारकी राहिली. आपल्याकडे असं उघड मत दिलं तर खासदारकीच जाऊ शकते.

म्हणजे आपली व्यवस्था उलटी बसली आहे. जिथे मत उघड आहे आणि कायदे होतात, तिथे विवेकाला शिक्षा आहे. जिथे मत झाकलेलं आहे, तिथे विवेकाला मोकळीक आहे, आणि सौद्यालाही. पक्षनिष्ठेला मी कमी लेखत नाही. बहुतेक मतदार चिन्ह पाहून बटण दाबतात, आणि त्या चिन्हावर निवडून येऊन सरकार पाडणं ही मतदाराची फसवणूकच. म्हणून विश्वासदर्शक ठराव, अविश्वास आणि अर्थसंकल्प यांना व्हिप हवा. बाकीच्या विधेयकांवर आमदार-खासदाराला मोकळं सोडावं. अट एकच, मत नावानिशी नोंदलं जावं. विवेकाचं मत झाकून देण्याची गरज नसते.

१९६९ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या चिंतामणरावांनी हे आधीच करून दाखवलं होतं. मुंबईच्या प्रश्नावर सरकारची भूमिका पटली नाही, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं आणि कारण लोकसभेत उभं राहून सांगितलं. पटलं नाही ते उघड बोलले आणि त्याची किंमत स्वतः मोजली. पुढच्या वेळी एखादा नेता अंतरात्म्याचा आवाज ऐकल्याचं सांगेल, तेव्हा मतदाराने त्याला दोनच प्रश्न विचारावेत : मत कोणाला दिलंस ते सांगशील का, आणि त्यापायी काय सोडलंस?

पुढील लेखांकात : व्हिप काढण्याचा अधिकार नेमका कोणाचा, विधिमंडळ पक्षाचा की मूळ राजकीय पक्षाचा? मे २०२३ मधला सर्वोच्च न्यायालयाचा महाराष्ट्रावरचा निकाल.