खटका पडला? आधी त्याचं ऐकून घ्या!

देवगड तालुक्यातल्या मिठबावात गणपतीला चाकरमानी येतात. महिनोन्‌महिने बंद असलेल्या घराचं कुलूप उघडतं. गिझर, विहिरीवरचा पंप, गणपतीपुढची रोषणाई सगळं एकदम चालू होतं आणि घरभर काळोख! खटका वर करावा तर पुन्हा पडतो. अशा वेळी त्याच्यावर चिडू नका. तो कसा पडला, यातच बिघाडाचा पत्ता असतो.

एका खटक्यात दोन पहारेकरी
बोर्डावरचा नेहमीचा खटका म्हणजे एमसीबी. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. जास्त वीज वाहिली की ती तापते, हळूहळू वाकते आणि खटका पाडते. शेजारी तारेचं वेटोळं असतं. शॉर्टसर्किट झालं की त्याचं चुंबक होतं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास काम तमाम. म्हणून घड्याळ बघा. दहा-वीस मिनिटांनी पडला तर भार जास्त आहे. वर करताक्षणी पडला तर बहुधा कुठेतरी तारा एकमेकींना भिडल्या आहेत.

थोडं जास्त चालतं
16 अँपिअरचा एमसीबी 16 ओलांडताच पडत नाही. प्रमाणकानुसार सुमारे 18 अँपिअरवर त्याने तासभर तग धरायचा असतो आणि सुमारे 23 अँपिअरवर तासाच्या आत पडायचंच असतं. 2,000 वॉटची इंडक्शन शेगडी, 2,000 वॉटचा गिझर आणि 1,500 वॉटची किटली एकाच खटक्यावर आली, की भरतात जवळपास 24 अँपिअर. पाहुण्यांनी भरलेल्या घरात यापेक्षा वेगळं काय होणार?

दाबून धरलात तरी तो ऐकत नाही
खटका बोटाने वर दाबून ठेवला तरी आतला संपर्क सुटतोच. त्याची रचनाच तशी असते. आधुनिक एमसीबीचं पेटंट जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीने 1924 मध्ये घेतलं. तेव्हापासूनची ही शंभर वर्षांची अक्कल आहे, तिच्याशी झटापट नको.

पंपाची पहिली उडी
मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट वीज खेचते, तीही क्षणभरच. ‘बी’ जातीचा एमसीबी तिप्पट ते पाचपट विजेला लगेच पडतो, ‘सी’ जातीचा पाच ते दहापट झाल्यावर. पंपावर ‘बी’ बसवला असेल तर पंप चांगला असूनही खटका पडू शकतो. व्होल्टेज कमी असलं तरी मोटर जास्त अँपिअर ओढते. पंप नुसता घुमत असेल तर आधी व्होल्टेज मोजून घ्या.

गिझरलाही ओल लागते
गिझरच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. नळीला बारीक चीर गेली किंवा तोंडाचं सील सैल झालं, की ही पूड हवेतली ओल शोषते. चार महिने पावसात बंद राहिलेला गिझर चालू करताच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडणारा खटका, पाडतो, तो बऱ्याचदा यामुळेच. वायरमन मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून दोन मिनिटांत निदान करतो.

खारी हवा, गुपचूप वाट
समुद्रावरून येणारं मीठ बाहेरच्या सॉकेटवर, खळ्यातल्या दिव्याच्या होल्डरवर पातळ थराने बसतं. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की मीठ आपणहून पाणी ओढतं आणि त्या थरातून वीज झिरपू लागते. पावसाचा थेंब न पडताही रात्री खटका पडतो, त्याचं एक कारण हे.

कातळावरचं अर्थिंग
ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात कोरडा पडला की वीज जमिनीत सहज जिरत नाही. समजा अर्थिंगचा रोध 50 ओहम आहे. फ्रिजच्या पत्र्याला फेज लागला, तरी 230 भागिले 50, म्हणजे जेमतेम 4.6 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा एमसीबी हलणारही नाही आणि पत्रा मात्र जिवंत राहील! आरसीसीबी इथेच जीव वाचवतो. जाणारी आणि परत येणारी वीज तो सतत ताडून पाहतो. घरगुती आरसीसीबीला 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे 0.03 अँपिअरचा फरक पुरतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची जुनी पद्धत आहे, ती सोडू नका. पण आरसीसीबी नसेल तर तो आधी बसवा.

बटण बंद, तरी बिघाड चालू
भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. यंत्रात न्यूट्रल अर्थला चिकटला असेल, तर बटण बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो. म्हणून शोध घेताना प्लग उपसूनच बाजूला ठेवा.

आता शोधा असं
हात कोरडे, पायात चप्पल. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, मग आरसीसीबी वर करा. आता एकेक एमसीबी चढवा. ज्याच्यावर पडेल, ती वाट बिघडलेली. कुणावरच पडला नाही तर एकेक यंत्र लावत चला, चोर सापडतो. काहीच न लावता पडत असेल, जळका वास येत असेल किंवा बोर्ड गरम लागत असेल, तर मेन बंद करून वायरमनला बोलवा. खांबावरून येणाऱ्या तारेला झावळ घासत असेल तर स्वतः काठी घालू नका, महावितरणला 1912 वर कळवा.

आणि 16 च्या जागी 32 चा एमसीबी कधीच बसवू नका. खटका पडायचा थांबेल खरा, पण भिंतीतली तार तापत राहील आणि ते सांगायला कुणी उरणार नाही.

गणपतीच्या आठवड्यात वायरमन हाताला लागत नाही. कुणी आधी येऊन घर उघडणार असेल, तर त्याला श्रावणातच आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबायला सांगा. खटका पडला तर पहारा जागा आहे. नाही पडला, तर त्याच दिवशी बदलून घ्या.