दिसलेलं आणि मोजलेलं
परड्यातले जीव : लेखांक ९

गेल्या दोन लेखांकांत परड्यातल्या फुलांवर येणाऱ्या माश्या आणि फुलपाखरं ओळखायची कशी, ते पाहिलं. ओळख पटली की पुढचा प्रश्न ओघानंच येतो: ही पूर्वी होती तेवढीच आहेत का? बेळगावच्या उत्तरेला, भाजीपाल्याच्या शिवारात वसलेल्या कडोलीसारख्या गावात याचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं. काजवे, चतुर, फुलपाखरं पूर्वी ढिगानं होती, आता दिसतात कुठं! या उत्तरात तथ्य असण्याची दाट शक्यता आहे. पण ते पडताळून पाहायला आपल्या हाती काहीच नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. नुकसान करणारा किडा वाढला की त्याची नोंद होते, त्याच्यासाठी कामगंध सापळे लागतात, सल्ले निघतात. नुकसान न करणारा किडा कमी झाला, तर ते कळण्याची कोणतीही सोय आपण केलेली नाही. ही सोय परड्यापासून करता येते, आणि ती आताच करायला हवी.

उसावरच्या लोकरी माव्याचं उदाहरण आपल्या भागात कुणाला नव्यानं सांगायला नको. २००२ च्या पावसाळ्यात तो सांगली जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर दिसला आणि त्याच वर्षी उत्तर कर्नाटकातल्या ऊसपट्ट्यात पसरला. पानाच्या खालच्या अंगाला कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर, त्यातून खालच्या पानांवर ठिबकणारा चिकट गोड रस, आणि त्या रसावर चढलेली काळी बुरशी. फवारण्या झाल्या, पण वाढलेल्या उसात शिरून पानाच्या पाठीपर्यंत औषध पोचवणं अवघड होतं. मावा पुढं आटोक्यात आला तो मुख्यतः त्याला खाणाऱ्या किड्यांमुळे. डिफा या पतंगाची अळी माव्याच्या थरातच रेशमी जाळं विणून त्याच्या आडून मावा फस्त करते. मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा तपकिरी किडाही मावाच खातो. हे मित्रकिडे दिसत असतील त्या फडात फवारणी टाळा, असा सल्ला मग देण्यात आला. माव्याचा फैलाव किती, याचे अहवाल त्या वेळी झाले. पण त्याला खाणारे किडे आदल्या वर्षी शिवारात किती होते आणि फवारणीत त्यातले किती गेले, हे सांगणारी वही कोणत्याही गावात नव्हती. ज्यांच्यावर आपली मदार होती, त्यांची गणती आपण कधी केलीच नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येतो की वह्या कशाला हव्यात, जुन्या माणसांना सगळं आठवतं. जुन्या माणसांच्या आठवणीला मोल आहेच. गावात कोणता किडा होता, तो कोणत्या झाडावर आणि कोणत्या दिवसांत यायचा, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. पण ‘किती’ या प्रश्नाला आठवण पुरी पडत नाही. ज्या दिवशी आभाळ चतुरांनी भरलं तो दिवस लक्षात राहतो, ज्या दिवशी एकही दिसला नाही तो राहत नाही. शिवाय कीटकांची संख्या मुळातच एकसारखी नसते. आपल्याकडे फुलपाखरं पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर भरपूर दिसतात, उन्हाळ्यात ओसरतात. ब्लू टायगर, क्रो या जातींचे थवे पावसाच्या तोंडाशी सह्याद्रीतून पूर्वेच्या मैदानाकडे जातात आणि पावसाळा सरल्यावर परततात. तेव्हा एखाद्या जूनमध्ये फुलपाखरं उदंड दिसली म्हणून ती वाढली असं होत नाही, आणि एखाद्या मार्चमध्ये दिसली नाहीत म्हणून संपली असंही नाही. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पिढी आपल्या सुरुवातीच्या काळातली स्थिती हीच मूळची स्थिती मानते. आज कडोलीत वाढणाऱ्या मुलाला आजचं परडं भरलेलंच वाटणार. आजीची आठवण आजीबरोबर जाते. वही मागं उरते.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो: जगभर कीटक घटल्याचं सिद्ध झालंय, मग इथं मोजायचं काय राहिलं? जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातल्या कीटक अभ्यासक मंडळानं १९८९ पासून २७ वर्षं ६३ संरक्षित जागांवर तंबूसारखे सापळे लावले आणि त्यात सापडलेल्या उडत्या कीटकांचं वजन केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की हे वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटलं होतं. या मंडळातले बरेचसे सभासद हौशी अभ्यासक होते, हे विशेष. पण २०२० मध्ये १६६ दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून झालेला अभ्यास वेगळं बोलतो. जमिनीवरचे कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी घटले, गोड्या पाण्यातले मात्र सुमारे ११ टक्क्यांनी वाढले, आणि जागेजागेत मोठा फरक होता. यातल्या बहुतेक पाहण्या युरोप-अमेरिकेतल्या आहेत. मोसमी पावसावर चालणाऱ्या आपल्या मुलखाबद्दल त्यावरून थेट काही बोलणं धाडसाचं ठरेल. तिथले आकडे आपल्याला सावध करतात. इथली स्थिती मात्र इथंच मोजावी लागेल.

मग मोजायचं कसं? परड्यातला कढीपत्ता घ्या. कॉमन मॉर्मन आणि लाइम ही मोठी फुलपाखरं त्याच्या कोवळ्या पानावर फिकट पिवळं, मोहरीहून बारीक अंडं घालतात. त्यातून निघालेली अळी आधी पाखराच्या विष्ठेच्या ठिपक्यासारखी दिसते, म्हणून पक्ष्यांच्या चोचीतून वाचते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. उडतं फुलपाखरू मोजताना तेच तेच दोनदा मोजलं जातं, अळी मात्र जागेवर सापडते. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, तेच झुडूप, तेवढीच मिनिटं. सोबत शेवंती-झेंडूच्या एका वाफ्यावर येणाऱ्या मधमाश्या आणि मिरचीच्या चार रोपांवरचे ढालकिडे. पाऊस होता की ऊन, फवारणी झाली होती का, हे शेजारी लिहायचं. आणि काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, कारण घट कळते ती शून्यांवरूनच. सप्टेंबरची तुलना पुढच्या सप्टेंबरशी करायची, मार्चशी नाही. नेहमीच्या, साध्या जातीच निवडायच्या. दुर्मीळ फुलपाखरू दिसणं न दिसणं बरंचसं नशिबावर असतं, नेहमीचं कमी झालं तर त्याला काहीतरी कारण असतं.

एका परड्यातल्या वहीनं काय सिद्ध होणार, ही शंका रास्त आहे. एकटी वही फारसं सांगत नाही, तिथं कढीपत्त्याचं झाड तोडलं गेलं एवढंच कदाचित कळेल. पण एकाच रीतीनं लिहिलेल्या वीस वह्या एकाच दिशेला झुकल्या, तर त्याचं कारण एखाद्या झाडात नसतं. ब्रिटनमधली फुलपाखरांची मोजणी १९७६ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्याच बळावर चालली आहे. भारतातही २०२० पासून सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या नोंदींसाठी साजरा होतो. मोबाइलवर फोटो टाकणारे पुष्कळ आहेत, तेही उपयोगाचं आहे. मात्र फोटो जीव ‘होता’ एवढंच सांगतो, ‘किती’ आणि ‘नव्हता’ हे सांगत नाही.

राहिला शेतकऱ्याचा आक्षेप: किडे कमी झाले तर बरंच की! कोबीचं पीक घेणाऱ्यानं असं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग पाहा. १९५३ मध्येच जावा बेटावर त्यानं डीडीटीला दाद देणं सोडल्याची नोंद झाली, आणि नंतर आलेल्या बहुतेक गटांतली औषधंही त्यानं कुठं ना कुठं पचवली. त्याच्या अळीत अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी माश्या मात्र फवारणीत मरतात. म्हणजे एकूण किडे घटले तरी नको असलेला उरतो आणि हवा असलेला जातो. भोपळा, काकडी यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. माशी आली नाही तर मादी फूल फळ न धरता गळतं. कोणता किडा कमी झाला, हे कळल्याशिवाय ‘बरं झालं’ म्हणणं धोक्याचं आहे.

दरवर्षी साहित्य संमेलन भरवणाऱ्या कडोलीला लिहिण्याचं महत्त्व पटवून द्यायला नको. शाळेनं एक वाफा आणि दहा-पंधरा घरांनी एकेक झुडूप धरलं, तर पाच वर्षांनी या गावाकडे अशी नोंद असेल जी आज आसपास क्वचितच कुठं मिळेल. तिच्यातून घट दिसेल, वाढ दिसेल किंवा काहीच बदललं नाही असंही दिसेल. तिन्ही उत्तरं उपयोगाची आहेत, कारण फवारणी कधी थांबवायची आणि बांधावरचं कोणतं झुडूप राखायचं, हे त्यांच्यावरून ठरवता येईल. पुढच्या लेखांकात या वहीचे रकाने कसे आखायचे आणि पहिल्या वर्षीचे आकडे कसे वाचायचे, ते पाहू.