बंब येईल, पण पाणी ओढेल का?

बेडसे लेण्यांच्या पायऱ्या चढून वर गेले की खाली पवन मावळ पसरलेला दिसतो. गेल्या फेब्रुवारीत आठवीच्या मुला-मुलींना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह, त्याच्या दारातले उंच खांब, खांबांवर कोरलेले हत्ती-घोडे आणि स्वार यांची टिपणे काढून नेली होती. पण मुलांचे लक्ष पलीकडच्या डोंगराकडे. तिथे वणवा लागला होता. वाळल्या गवतातून एक लाल रेघ हळूहळू वर सरकत होती आणि तिच्या मागे डोंगर काळा होत चालला होता.

"सर, तिथे बंब कसा जाणार?" एका मुलीने विचारले.

जाणारच नाही, हे खरे उत्तर. डोंगरावरच्या वणव्याला ओल्या फांद्यांनी झोडपणारी माणसे आणि आधी काढून ठेवलेली जाळरेषा, एवढाच इलाज असतो. जाळरेषा म्हणजे गवत साफ करून मोकळा ठेवलेला पट्टा. आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने थांबते. मात्र पावसात गवत पुन्हा उगवते, म्हणून हे काम दरवर्षी नव्याने करावे लागते. एक वर्ष चुकले तर जाळरेषा कागदावर राहते, डोंगरावर नसते.

"आणि गावात आग लागली तर?" तिचा दुसरा प्रश्न. लहान ग्रामपंचायतीकडे स्वतःचा बंब नसतो. बेडशासारख्या गावाला लोणावळ्याकडून किंवा तळेगाव दाभाड्याकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहावी लागते, म्हणजे कामशेतवरून वीस-पंचवीस किलोमीटर. हे अंतर आपण कमी करू शकत नाही. पण इतक्या लांबून आलेली गाडी दारात उभी राहिल्यावर चालली पाहिजे की नाही? त्या मुलीला आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून परत आल्यावर मोहल्ल्यातल्या एका चाचांकडे गेलो. ते एका शहराच्या अग्निशमन दलातून निवृत्त झाले आहेत.

चाचांनी चहा मागवला आणि उलट आम्हालाच विचारले, "बंबातलं पाणी किती वेळ पुरतं, सांगा."

आम्ही म्हणालो, अर्धा तास. ते हसले. नेहमीच्या मोठ्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. पंप पूर्ण ताकदीने चालला तर मिनिटाला १,८०० लिटर फेकतो. म्हणजे अडीच मिनिटांत टाकी रिकामी. हात राखून मारा केला तरी फार तर पाच-दहा मिनिटे. पुढचे पाणी विहिरीतून, तळ्यातून, नदीतून ओढायचे. मावळात पाण्याला तोटा नाही. पवना आहे, इंद्रायणी आहे, विहिरी आहेत. ओढायला जाड सक्शन पाइप असतो. पंप आधी त्या पाइपमधली हवा काढतो आणि मग पाणी वर चढते. पाइपच्या जोडावर रबराचा एक वॉशर असतो. तो वाळून तडकला की तिथून हवा आत शिरते. मग इंजिन गरजते, पंप फिरतो, लोक ओरडतात आणि पाणी काही येत नाही.

"वॉशर केवढ्याचा?" आम्ही विचारले.

"तुमच्या चहाएवढा," चाचा म्हणाले.

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगायला घेतली आणि आम्ही वहीत लिहून घेतली. होज वापरून झाल्यावर धुऊन, टांगून वाळवावा लागतो. ओला गुंडाळला तर आतून कुजतो आणि दाब येताच फाटतो. घडी नेहमी एकाच जागी पडली तर तिथेच चिरतो. फेसाचे द्रावण पिंपात वर्षानुवर्षे पडून राहिले की खराब होते, आणि तेलाच्या आगीवर नुसते पाणी मारून भागत नाही, फेसच लागतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर न झिजता कडक होतात. सगळ्यात फसवा तो किलोमीटरचा मीटर. गाडी आगीजवळ उभी असते, इंजिन पंपासाठी तासन्‌तास फिरते, पण त्यातले काहीच मीटरवर चढत नाही. कमी किलोमीटर पाहून साहेब म्हणतात, गाडी तर नवीनच आहे!

आम्हाला सगळ्यात जास्त खटकते ते हे की नव्या बंबाला हार घालता येतो, फीत कापता येते, फोटो छापून येतो. वॉशर बदलल्याचा फोटो कोण छापणार? म्हणून खरेदीला पैसा निघतो आणि दुरुस्तीची फाइल पुढच्या वर्षावर जाते. १३ जून २०२३ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण यासाठी ५,००० कोटींची योजना जाहीर केली. नेमक्या त्याच दिवशी आपल्या मावळात, द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ कुणे गावच्या पुलावर टँकर उलटून पेटला. पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले. चौघांचा जीव गेला, त्यांत खालून जाणारेही होते. तिथे कोणाची साधने कमी पडली असा आमचा दावा नाही. अशा आगीला किती मिनिटे मिळतात, एवढेच त्यातून कळते. पैसा चांगल्या कामासाठी आहे, यात शंका नाही. मात्र आलेली गाडी दहाव्या वर्षी कोण सांभाळणार, हे आजच विचारून ठेवायला हवे.

कागदावर पडून राहिलेल्या कामाची किंमत भंडाऱ्याने मोजली. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. इमारतीला अग्निसुरक्षेचा दाखला नव्हता आणि यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर अडकलेला होता, हे नंतर समोर आले. त्या दहा आयांविषयी अधिक काही लिहिण्याची आमची हिंमत नाही. राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो, त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. आपल्या भागातल्या शादीखान्याच्या व्यवस्थापकाला यंदाच्या जुलैचे प्रमाणपत्र विचारून पाहा. तिथे वलीम्याच्या देगा मंडपाला टेकून चढतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आम्ही स्वतःच्या शाळेत फिरलो. प्रयोगशाळेबाहेर लाल सिलिंडर टांगलेला, त्यावरची चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची. त्याच्यासमोरून आम्ही रोज दहा वेळा जात होतो. शिपाईमामांनी तो मैदानात आणला, पिन ओढली, दांडा दाबला. फुस्स आवाजही झाला नाही. आतली पावडर बसून दगड झाली होती. मुले हसली, आम्हाला हसू आले नाही.

घरच्या सिलिंडरकडेही त्याच दिवशी पाहिले. गॅसच्या टाकीच्या मानेजवळच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी आणि वर्षाचा आकडा असतो. बी-२७ म्हणजे एप्रिल ते जून २०२७ पर्यंत तिची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करायची. नारिंगी सुरक्षा नळीवरही मुदत छापलेली असते, ती पाच वर्षांची. आमच्या अम्मींच्या स्वयंपाकघरातली नळी सात वर्षांची निघाली, आणि तिच्यावर फुलाफुलांचे कापड शिवून घातलेले! झोपण्याआधी आग विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, ती अम्मींनीच आम्हाला शिकवली. रेग्युलेटर त्या रोज न चुकता बंद करतात. नळीकडे मात्र कोणीच पाहिले नव्हते. गॅसचा वास आला तर १९०६ हा क्रमांक आता फ्रिजवर लिहिला आहे.

राहिला बंब. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा लागतो, उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. नगरपरिषदेला काय विचारायचे, ते चाचांनीच सांगितले. गाड्या किती आहेत हे विचारू नका, तो आकडा सगळे अभिमानाने देतात. प्रत्येक गाडीने उघड्या पाण्यातून शेवटचे पाणी कोणत्या तारखेला ओढले, ते विचारा. होजची दाब-चाचणी कधी झाली आणि दुरुस्तीच्या तरतुदीतले किती रुपये खर्च झाले, तेही. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक शहीद झाले, त्यांच्या आठवणीचा. त्या आठवड्यात केंद्रात गेलात तर जवान आनंदाने गाडी दाखवतात. तेव्हा पंप चालवून दाखवा म्हणायला लाजू नका. आमचा अनुभव असा, की हे विचारले की जवानांनाच बरे वाटते. त्यांची तीच तक्रार असते.

अर्ज आठवीच्या मुलांनी लिहिला, सही आमची. शब्द १६३ झाले होते. बेडशाच्या त्या मुलीने 'महोदय' आणि 'नम्र विनंती' खोडून तो १५० च्या आत बसवला. शाळेचा लाल सिलिंडर नव्याने भरून आला आहे. त्याची पुढची तारीख मुलांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून चौकट काढली आहे. फळा रोज पुसला जातो, तेवढा कोपरा सोडून.