माहिती चौकट : पॅचच पॅच लिहितो तेव्हा

प्युअर डेटा, म्हणजेच पीडी, या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओळी लिहायच्या नसतात. पडद्यावर चौकटी मांडून त्या तारांनी जोडल्या की ध्वनी तयार होतो; ही मांडणी म्हणजे ‘पॅच’. मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत ‘मॅक्स’ घडवले आणि १९९०च्या दशकात पीडी.

आता तंबोरा करायचा आहे असे धरा. चार तारा, प्रत्येकीचे १६ स्वरांश. म्हणजे ६४ ऑसिलेटर. हाताने मांडणे कंटाळवाणे, आणि एक जोडणी चुकली की शोधत बसा. त्यापेक्षा हे काम पॅचकडेच सोपवावे. ‘तंबोरा’ नावाच्या उपपॅचला ‘ऑब्ज ५० ५० ऑस्क~ २४०’ असा निरोप धाडला की तिथे २४० हर्ट्झचा ऑसिलेटर उमटतो. मोजणी करणारी चौकट २४०ला २, ३, ४ने गुणत जाते, की पुढचे स्वरांश तयार. जोडणीही निरोपानेच : ‘कनेक्ट २ ० ० ०’ म्हणजे क्रमांक २च्या चौकटीचा पहिला निर्गम क्रमांक ०च्या चौकटीच्या पहिल्या प्रवेशाला. क्रमांक निर्मितीच्या क्रमाने, शून्यापासून. इथेच नवशिके अडखळतात. ‘क्लिअर’ म्हटले की सगळे साफ.

ध्वनी चालू असताना चौकटी वाढवल्या तर खटका ऐकू येऊ शकतो, म्हणून मांडणी मैफलीआधीच उरकावी. एकाच पॅचच्या अनेक प्रती हव्या असतील, तर ‘क्लोन’ अधिक भरवशाचे.

पीडी साध्या, जुन्या संगणकावरही चालते. शिरूर-दौंडच्या शिक्षकांनी शाळेच्या संगणककक्षात ते जरूर बसवून पाहावे.